खालच्या ओळी

८ सप्टेंबर, सोमवार

ऑपरेशन झालं! डॉक्टर बाहेर आले, म्हणाले, पडदा जागेवर बसवलाय, डोळ्यात गॅस भरलाय, आता पेशंटनं पालथं राहायचं. पालथं म्हणजे? "म्हणजे तोंड जमिनीकडे. जेवताना, झोपताना, सगळं. गॅस वर चढून पडद्याला दाबून धरायला हवा ना." मी मान हलवली. ह्यांचा निम्मा चेहरा पट्टीखाली होता. उरलेल्या निम्म्यावर जे दिसायचं ते दिसलंच.

ज्या माणसाला हातात पेपर नसेल तर चहा गोड लागत नाही, त्यानं पालथं पडून राहायचं! उजव्या डोळ्याचा पडदा सुटला तो गणपतीत. आरती चालू आणि हे विचारतात, "समई कुणी विझवली?" डावा डोळा लहानपणापासून नावालाच, त्यानं उजेड आहे की अंधार एवढंच कळतं. म्हणजे आजच्या घडीला आमच्या घरात दिसणारं माणूस एकच. मी.

ठाण्याहून डोंबिवलीपर्यंत टॅक्सीत हे मान खाली घालून, मी खिडकीबाहेर बघत. ड्रायव्हरला वाटलं आमचं वाजलंय. म्हणाला, "काका, जाऊ द्या ना, सोडून द्या."

१० सप्टेंबर

ऐश्वर्या कळव्याहून आली. लेक माझी कामाची! मधे भोक असलेली गोल उशी कुठून तरी पैदा केली, ती दिवाणाच्या टोकाला लावली, त्यात बाबांचं तोंड. खाली स्टुलावर पाण्याचा पेला आणि स्ट्रॉ. टीव्ही तिथेच समोर, पण ह्यांना नुसता ऐकू येणार.

दुपारपर्यंत बातम्या ऐकून चिडले. "सगळे ओरडतात. काय दाखवतायत ते एक जण सांगत नाही." मग — "तू वाच ना काहीतरी."

मी! लग्नाला एकतीस वर्षं झाली. आजवर वाचून दाखवणार हे, ऐकणार मी. सिनेमा संपला की निकालही हेच लावणार — "ठीक", "फसलाय", "मध्यंतरानंतर घसरला". मला विचारायचे नाहीत असं नाही. विचारायचे, पण मी तोंड उघडेपर्यंत पुढच्या विषयावर गेलेले असायचे.

११ सप्टेंबर

लायब्ररीतून आणलेली ती जाडजूड कादंबरी वाचायला घेतली. आवाज लागला! वागळे इस्टेटच्या एका कंपनीत बोर्डावर बसायचे मी, टेलिफोन ऑपरेटर. "नमस्कार, आपण कोण बोलताय?" — एवढं ऐकायला लोक पुन्हा फोन लावायचे. हे मी म्हणत नाही, साहेब म्हणायचे. नोकरी सोडल्यापासून तो आवाज भाजीवाल्याशी घासाघीस करण्यात वाया गेला.

कादंबरी मात्र — देवा! दर दोन पानांनी झाडं. झाडांची पानं, पानांवरचं ऊन, उन्हातले कण. नायिकेचा बाप आत अंथरुणाला खिळलाय आणि लेखक अंगणातल्या कण्हेरीशी बोलत बसलाय. मी कण्हेर गाळली. मग चिंच गाळली. कुणाचं काही अडलं नाही.

१२ सप्टेंबर

आज हे काय म्हणाले ते लिहून ठेवलंच पाहिजे. "ह्या लेखकाचं मला एक आवडलं. कुठे थांबायचं ते कळतं त्याला."

त्याला??

१४ सप्टेंबर, रविवार

ऐश्वर्यानं टीव्हीवर एक कोरियन सिनेमा लावून दिला आणि पळाली. "आई, बाबांना खालच्या ओळी वाचून दाखव, मस्त आहे." खालच्या ओळी इंग्रजीत. मला इंग्रजी येतं, पण ह्या ओळी काय वेगानं पळतात! एक वाचून मराठीत सांगेपर्यंत तीन गेलेल्या. त्यात नावं — सगळी सारखीच. पोलिसाचं आणि खुन्याचं आडनाव एकच. हे खालून विचारतायत, "कोण कुणाला मारतोय?" मला तरी कुठे माहीत!

आणि दुसरी भानगड. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'. सासूला यू, साहेबाला यू, कुत्र्याला यू. मराठीत तोंड उघडायच्या आधी ठरवावं लागतं — तू, तुम्ही की आपण. मी गडबडीत त्या खुन्याला "आपण" म्हणून बसले. बोर्डावरची सवय! हवालदार खुन्याला म्हणतोय, "आपण सुरी खाली ठेवता का?" हे उशीतल्या उशीत हसले. डोळ्याला हिसका बसेल म्हणून मी सिनेमाच बंद केला.

१६ सप्टेंबर

अपमान मला सहन होत नाही. आज हे डुलकी काढत होते तेव्हा आतल्या खोलीत मोबाईलवर अख्खा सिनेमा आधी बघून घेतला, थांबवून थांबवून. हा दुसरा, इराणी. डाळिंबं विकणारा म्हातारा आणि त्याची नात. मग माणसं ओळखीची करून टाकली — म्हाताऱ्याचं नाव धाकू. कोण कुणाला तू म्हणणार, कोण तुम्ही, तेही आधी ठरवलं. मग चहा झाल्यावर टीव्हीवर लावला आणि सांगितला.

सिनेमा चांगला. माझं साधं गणित आहे — ज्या सिनेमात माणसं खरं जेवतात तो सिनेमा खरा. ताटात घास आहे, तोंडात नाही, आणि नट पाच पाच मिनिटं बोलतोय, असला असेल तर मी तिथेच उठते. ह्यात म्हातारा डाळिंबाचे दाणे एकेक करून खातो, साल फेकत नाही. पास!

मधे मात्र एक लांबच लांब रस्ता. कुणी बोलत नाही, कुणी दिसत नाही, नुसता रस्ता. हे खालून, "काय चाललंय?" आता रस्ता चाललाय म्हणून किती वेळा सांगणार? मी म्हटलं, धाकू मनातल्या मनात नातीच्या आईशी बोलतोय. काय बोलतोय? तेही सांगितलं. रस्ता संपेपर्यंत सांगत राहिले.

निकाल असा लागला — "रस्त्याचा काय वापर केलाय!"

माझी छाती फुगून ब्लाऊज घट्ट झाला.

१८ सप्टेंबर

खालच्या मजल्यावरचे कमलेश म्हात्रे ह्यांना भेटायला आले. आमची बिल्डिंग उभी आहे ती जमीन त्यांचीच, म्हणून जिन्यातही मालकासारखे चढतात. माणूस मोकळा. मोबाईलवर सिनेमे बघतात ते दीडपट वेगानं, एका दिवसात तीन-तीन. ह्यांना म्हणाले, "पंढरीदादा, तुमी काय बघणार आता, तुमचं त तोंडच खाली." हे म्हणाले, "आमची ही आहे ना! मी तुझ्यापेक्षा जास्त बघतो."

मी स्वयंपाकघरात होते. पोहे थोडे लागले खाली, पण ऐकण्यासारखं होतं ते.

२१ सप्टेंबर, रविवार

आज जे झालं ते नीट लिहिते.

शेवयांच्या दुकानाचा सिनेमा. कोरियनच, खरं नाव मला उच्चारता येत नाही. बंदरावर एक दुकान, नवरा-बायको चालवतात. नवऱ्याचं नाव मी साईनाथ ठेवलं, बायकोचं रखमा. साईनाथ बोटीवर कामाला म्हणून जातो आणि वर्षानुवर्षं येतच नाही. पत्र नाही, फोन नाही. रखमा दुकान चालवते, मुलगा वाढवते, म्हातारी होते. सिनेमा हळू आहे, पण त्यात माणसं खरं जेवतात. वाफेसकट!

मी रखमाला नवऱ्याशी "अहो"च बोलायला लावलं होतं. शोभतंय तिला. सुरुवातीपासून अहो, तुम्ही, येता का, जेवता का. आणि मग शेवटाकडे — दुकान बंद करायची वेळ, ती खुर्च्या उलट्या करून टेबलावर ठेवतेय, आणि दारात हा उभा. ती बघते. एक खुर्ची खाली उतरवते, शेवयांचा वाडगा त्याच्यापुढे ठेवते. आणि मग बोलते. खालची ओळ दोन शब्दांची — यू केम. मी सकाळीच ठरवून ठेवलेलं, "आलात?" म्हणायचं.

तोंडातून निघालं, "आलास?"

कसं निघालं मला माहीत नाही. तिचा चेहरा बघत होते मी, ओळ बघतच नव्हते.

मला वाटलं ह्यांना झोप लागली. मग उशीतून आवाज आला, "तू म्हणाली ती?"

"हो."

"आत्तापर्यंत तुम्ही म्हणत होती."

"हो."

"बापरे," म्हणाले. आणि पुन्हा, "बापरे." पाठ हलत होती ह्यांची. रडायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय का ते मला आठवेना. मी पाठीवर हात ठेवला. सिनेमा आपला पुढे चालला होता, खालच्या ओळी कुणीच वाचत नव्हतं.

थोड्या वेळानं म्हणाले, "तुला कधी —"

"काय?"

"काही नाही. थेंब घाल."

थेंबांची वेळ झालेलीच होती.

२२ सप्टेंबर

घटस्थापना. सकाळपासून ह्यांचा फोन चालू. पालथे पडून, फोन स्पीकरवर, लादीशी बोलल्यासारखे. ऐश्वर्याला सांगितलं, रत्नागिरीच्या भावाला सांगितलं, ऑफिसातल्या जुन्या मित्राला सांगितलं. "एका शब्दात! अख्खा संसार एका शब्दात! तिकडच्या दिग्दर्शकाला काय जाण आहे बघ. आपल्याकडे दहा मिनिटं रडारड केली असती."

तिकडचा दिग्दर्शक!

त्यानं काही केलेलं नाही हो! त्याच्या बाईनं यू म्हटलं, जगात सगळे म्हणतात तसं. 'तू' मी म्हटलं. डोंबिवली पश्चिमेला, दिवाणाशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून. आता हे कुणाला सांगू? तोंडाशी येतं आणि गिळते. गिळलं तरी गोड लागतं, हे वेगळं.

२४ सप्टेंबर

डॉक्टरांनी तपासलं. पडदा चिकटून आहे! आता उताणं झोपायचं नाही, पण बसायला, चालायला परवानगी. गॅस हळूहळू जाईल, तसं दिसायला लागेल. किती दिसेल ते आत्ता सांगता येत नाही म्हणाले. शेवटी चष्मा.

परतताना हे म्हणाले, "दिसायला लागलं की पहिला शेवयांचाच बघायचा. ती तू म्हणते तेव्हा तिचा चेहरा बघायचाय मला."

मी खिडकीबाहेर बघितलं. ह्या वेळी खरंच काहीतरी लपवायला.

२८ सप्टेंबर, रविवार

ऐश्वर्या आलेली. तिला बाजूला घेऊन खरं काय ते सांगितलं. ती कोरियन मालिका बघून बघून थोडं कोरियन शिकलीय. हसून हसून ओट्याला टेकली. मग म्हणाली, "आई, कोरियनमध्येपण आपल्यासारखं मानाचं आणि साधं असतं. मी तो सीन ऐकलाय. ती शेवटपर्यंत मानानंच बोलते गं. ती 'आलात'च म्हणते."

म्हणजे सकाळी ठरवलेलं बरोबर होतं आणि तोंडून निघालं ते चूक. मुळातच चूक!

"सांगून टाक बाबांना. हसतील."

"हसतील" हेच तर नको आहे. आता विचार करते तेव्हा वाटतं, त्या बाईनं आलात म्हटलं ते तिचं. तिला तिच्या घरचं माहीत. पण मी बघत होते तो चेहरा आलात म्हणणाऱ्या बाईचा नव्हता. मी ऑपरेटर होते. बाई काय बोलते आणि तिला काय बोलायचंय, ह्यातला फरक मला पहिल्या "हॅलो"ला कळायचा.

चूक असेल, पण फसलेली नाही. हा माझा निकाल.

२ ऑक्टोबर, दसरा

सोनं द्यायला कमलेशभाऊ आले ते आईला घेऊन. आवडाबाई. नऊवारी, नाकात मोठी नथ, कान तिखट. ह्यांनी तिलाही शेवयांची गोष्ट सांगितली! अगदी रंगून. खुर्ची, वाडगा, वाफ, आणि मग — "आलास?" म्हणून थांबले.

आवडाबाई वाट बघत राहिली. पुढे काही येईना तेव्हा म्हणाली, "मंग?"

"मग काय? ती त्याला तू म्हणाली, आजी!"

"तूच बोलनार ना. दादला हाय तिचा." मुलाकडे वळून, "आमी तं तुज्या बापाला जनमभर तूच बोललो. त्यात रडाचा काय?"

कमलेशभाऊ हसले, हे हसले, मी आपट्याची पानं गोळा करायला वाकले. जाताना आवडाबाईनं माझा हात धरला. "तू काय बोलतंस तुज्या घोवाला?" म्हटलं, अहो. "अयाया," म्हणाली, "दमत नाय काय गं?"

घरात हे पहिल्यांदाच कुणी विचारलं.

७ ऑक्टोबर

बाकीची कादंबरी संपवली. शेवटच्या प्रकरणात पुन्हा कण्हेर. ह्या वेळी वाचली — बाप गेल्यावर ती कण्हेर बघण्यासारखी झालीय. हे म्हणाले, "लेखक इथे जरा घसरला." मी म्हटलं, "नाही. इथेच चढलाय." ह्यांनी विचार केला. म्हणाले, "असेल."

असेल! एकतीस वर्षांत पहिलं असेल!

१२ ऑक्टोबर, रविवार

दिसायला लागलं!! वरच्या बाजूनं. हे म्हणतात, डोळ्यात एक रेघ आहे, बादलीतल्या पाण्यासारखी. रेघेच्या वरचं दिसतं, खालचं पाण्यात बुडालेलं. मान हलवली की पाणी हलतं. पंखा दिसला. कॅलेंडर दिसलं, आकडे नाहीत. मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "कपाळ दिसतंय."

मी देवापुढे साखर ठेवली. खोटं कशाला लिहू, आनंद झाला आणि आता हे शेवयांचा सिनेमा बघणार म्हणून भीतीही वाटली. दोन्ही एकदम.

संध्याकाळी एक नवा सिनेमा लावला. आता माणसांचे चेहरे ह्यांना दिसतात, खालच्या ओळी मात्र नाहीत. त्या अजून माझ्याच. पण मधेच म्हणाले, "अगं, ही तर तरुण आहे. तू म्हातारी म्हणालीस."

"पुढे होणार आहे."

झाली नाही ती पुढेही. मी घाईघाईत गोष्ट वळवली, तर हे म्हणाले, "राहू दे. असू दे तरुण."

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

काल उटणं लावताना हे माझ्याकडे टक लावून बघत होते. म्हणाले, "तुझे केस पांढरे झाले की!"

एवढी चांगली बातमी दिवाळीत दुसरी मिळाली नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

घात झाला होता जवळजवळ. कमलेशभाऊंनी शेवयांचा सिनेमा बघितला. दीडपट वेगानं. वर आले आणि म्हणाले, "पंढरीदादा, नाय काय त्यात! ती बाई भांडा ठेवते, एक शब्द बोलते, खेळ खलास. तुमी सांगितला तसा कायच वाटला नाय."

मी चहा गाळत होते. गाळणी तशीच धरून उभी.

हे म्हणाले, "तू दीडपट वेगानं बघतोस. तिनं तू म्हटलेलं तुला ऐकू कसं येणार?"

"मला कोरियन कुठं येतो! तुमाला तरी कुठं येतो?"

"मला नाही येत," हे म्हणाले. "पण आमच्या हिनं सांगितलंय. ती सांगते ते चुकायचं नाही." आणि ते इतक्या खात्रीनं म्हणाले की कमलेशभाऊंनी हात जोडले. चहा पिऊन गेले बिचारे. जाताना मला म्हणाले, "वयनी, एकदा मला पन सांगा तो पिक्चर. तुमच्या तोंडून."

मला अभिमान वाटायला हवा होता. वाटलाच! कपबशा विसळताना गुणगुणत होते मी. मग अचानक नळ बंद केला. माझ्या भरवशावर हा माणूस मित्राशी भांडला. आणि भांडला ते माझ्या चुकीच्या बाजूनं.

९ नोव्हेंबर, रविवार

नंबर काढला. गॅस पूर्ण गेला. डॉक्टर खूश. उजव्या डोळ्याला चष्म्यानं जवळजवळ पहिल्यासारखं दिसणार! बाहेर आल्यावर हे दुकानांच्या पाट्या वाचत चालले, मोठ्या अक्षरांच्या. साड्या. औषधं. शुद्ध तूप. मी हात धरलेला, तो ह्यांनी हळूच सोडवून घेतला. "दिसतंय मला," म्हणाले.

दिसू दे. हेच मागितलं होतं मी, दुसरं काही नाही. मग रिक्षात बसल्यावर डोळ्यात पाणी का आलं? एवढ्याचसाठी ना, की आता चष्मा येईल, हे खालच्या ओळी स्वतः वाचतील, आणि मला पुन्हा पोह्यांकडे लक्ष द्यायला सवड मिळेल. निकाल पुन्हा तिकडे. आणि त्या शेवयांच्या दुकानात माझा शब्द शोधतील तो सापडायचा नाही. मग काय वाटेल ह्यांना? बायकोनं फसवलं? की बायकोला इंग्रजी येत नाही? दुसरं जास्त वाईट.

सांगून टाकायचं ठरवलं होतं. रिक्षा कोपर रोडला वळली, पुढे बिल्डिंग आली, आणि सांगायचं राहिलं. माफी मागायची तर काय म्हणून? तो शब्द मला आजही चांगला वाटतो. आयुष्यात मी एकच चांगला शब्द लिहिला, तोही दुसऱ्याच्या सिनेमात, आणि तो कुठे लिहिलेलासुद्धा नाही.

१४ नोव्हेंबर

चष्मा आला. काळी जाड फ्रेम. साहेब दिसतात! सकाळी पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचला, मोठ्यांदा, मला ऐकवत. चार बातम्यांचा निकाल लावून झाला. मी "हो" म्हटलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

जेवण झाल्यावर ह्यांनी शेवयांचा सिनेमा स्वतः शोधला, स्वतः लावला. मी स्वयंपाकघरात गेले आणि मिक्सर लावला. वाटायचं काही नव्हतं, नुसता लावला. बाहेर रखमाचं दुकान उघडलं असेल, साईनाथ बोटीवर गेला असेल. मिक्सर तापला तेव्हा बंद केला.

बाहेर शांतता. मग हाक आली. "अगं ए, इकडे ये."

गेले. ह्यांनी सिनेमा थांबवला होता. खुर्च्या उलट्या टेबलावर, एकच खाली उतरवलेली, वाडगा, तिचा चेहरा. खाली दोन शब्द. चष्मा कपाळावर चढवलेला ह्यांनी, डोळे पुसलेले.

"हे बघ. ती नवऱ्याला तू म्हणते की तुम्ही, ते इथे लिहिलेलंच नाही. मला नाही कळत. तू सांग."

दिवाणाच्या मधोमध बसलेले, पाय पसरून.

मी म्हटलं, "सरक जरा तिकडे."

सरकला.